हापूसची कणी गळतेय? या चुका टाळा

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या कलमाखाली कणीचा, म्हणजे नुकत्याच धरलेल्या बारीक फळांचा, सडा दिसला की बागायतदार थेट औषधाच्या दुकानात धावतो. इथूनच चुका सुरू होतात. मोहोरातल्या फुलांपैकी एक टक्कासुद्धा काढणीपर्यंत टिकत नाहीत, त्यामुळे गळ होणारच. फवारणीआधी ती कणी कशामुळे गळते, ते बघायला हवं.

कणी टिकते ती आतल्या बीमुळे. वाढतं बी ऑक्सिन हे वाढीचं संजीवक (हार्मोन) तयार करतं. ते देठातून झाडाकडे वाहतं तोवर देठाचा सांधा घट्ट असतो. ओघ आटला की इथिलीनचा, म्हणजे गळ घडवणाऱ्या संजीवकाचा, अंमल चढतो आणि सांधा सुटतो. साखर ओढून घेण्याचं बळही या वाढीतूनच येतं. पानांकडून सुक्रोज येतं, इन्व्हर्टेज हे विकर त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि आत साखर जेवढी खर्ची पडेल तेवढी मागून येत राहते. फलनच झालं नसेल तर यातलं काहीच घडत नाही. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, ही माझी कळकळीची विनंती. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, आणि मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर त्याही मरतात.

पुन्हा आलेल्या मोहोराने हुरळून जाणं ही दुसरी मोठी चूक. थंडी लांबली की कणी धरलेल्या काडीवरच नवा मोहोर येतो, साखर आपल्याकडे खेचतो आणि वाटाण्याएवढी झालेली फळं गळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) जिबरेलिक आम्ल हे संजीवक सांगितलं आहे, म्हणजे 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. ही फवारणी पहिला मोहोर फुललेला असतानाच सुरू करायची. दुसरा डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर वेळ गेलेली असते. पावडर थेट पाण्यात टाकू नका, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा.

गळ रोखायला फवारतात त्या एनएएचं, म्हणजे कृत्रिम ऑक्सिनचं, प्रमाण 20 पीपीएम. प्रमाणापेक्षा फार जास्त मारलंत तर झाडात इथिलीन वाढतं आणि गळ उलट जास्त होऊ शकते.

आणि पाणी. झाड तहानलं की ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संजीवक वाढतं, पानांची रंध्रं मिटतात, साखर बनणंच मंदावतं. फळं वाटाण्याएवढी झाली की दर 15 दिवसांनी कलमाला 150 ते 200 लिटर पाणी द्या, अशा तीन-चार पाळ्या. काढणीच्या महिनाभर आधी मात्र बंद करा.