ज्वालामुखीवरचा सूर्योदय: रात्रीच्या चढाईत या चुका टाळा

शनिवारी रात्री कसारा लोकल पकडायची, बारी गावातून चढाई सुरू करायची आणि उजाडायच्या आत कळसूबाईचा माथा गाठायचा, हे मुंबईतील अनेक भटक्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे इंडोनेशियातील ज्वालामुखीवर सूर्योदय पाहायला जाताना वेगळी तयारी करावी, असे त्यांना सहसा वाटत नाही. आकडेही तसा धीर देतात, कारण कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि बालीतील बातुर १७१७ मीटर. मात्र जिवंत ज्वालामुखीवर सह्याद्रीतील काही सवयी उपयोगी पडत नाहीत आणि काही तर धोक्याच्या ठरतात.

पहिली चूक घरबसल्याच होते, ती म्हणजे दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत सहल ठरवणे. बाली आणि पूर्व जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथे साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा असतो. त्या काळात रात्रभर चढून माथ्यावर ढगांत उभे राहण्याची पाळी येऊ शकते. आपल्याकडे उकाड्याने जीव नकोसा करणारा मे महिना तेथे कोरडा असतो आणि शाळांना सुट्टीही असते, म्हणून मुले बरोबर असतील तर मेच निवडावा.

घड्याळाकडेही नीट लक्ष द्यावे. बाली आपल्या अडीच तास पुढे आहे. बालीतील उबुद गावाहून पहाटे दोनला गाडी निघते तेव्हा मुंबईच्या वेळेला सवयीच्या शरीराच्या हिशेबी रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात. म्हणजेच आदल्या संध्याकाळी लवकर आडवे होऊनही झोप लागलेली नसते. विमानातून उतरल्याच्या रात्री चढाई ठेवू नये, एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. पूर्व जावातील इजेन ज्वालामुखीसाठी बालीहून फेरीबोटीने जावात उतरले की घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे ठरलेली वेळ कोणत्या बेटाची आहे हे गाडीवाल्याला आधीच विचारून घ्यावे.

सह्याद्रीचा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा आहे. तो पायाला धरून ठेवतो. तरुण ज्वालामुखीच्या माथ्याजवळ मात्र राख आणि सच्छिद्र खडे यांचा घसारा असतो. चढताना दोन पावले टाकली की एक पाऊल मागे येते, आणि खरी परीक्षा उतरताना होते. तळ झिजलेले बूट घरीच ठेवावेत, एक काठी घ्यावी आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून छोटी पावले टाकावीत. बुटात खडे शिरले तर लगेच थांबून झटकावेत. पुढे झटकू म्हटले की तोवर टाच सोलवटलेली असते.

सर्वांत गंभीर चूक इजेनवर होते आणि ती वायूची आहे. तेथील प्रसिद्ध निळी ज्वाला म्हणजे भेगांतून बाहेर पडून हवेत पेटणारे गंधकयुक्त वायू होत. ती अंधारातच दिसते, म्हणून लोक घाईघाईने विवरात उतरतात. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वाडग्यासारख्या विवरात साठून राहतो. ओला रुमाल किंवा करोनाकाळातला घरातला मास्क धूळ अडवतो, वायू नाही. त्यासाठी वायूरोधक फिल्टरचा मास्कच लागतो, आणि भाड्याने मिळणारा मास्क वर चढण्यापूर्वी तपासून घ्यावा. मास्क घालून पट्टे आवळावेत, दोन्ही फिल्टरवर तळवे घट्ट ठेवावेत आणि श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्यावर चिकटून बसला तर ठीक. कडेने हवा आत आली तर दुसरा मागावा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. वाऱ्याची दिशा बदलून धूर अंगावर आला, घसा जळजळू लागला किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, तर छायाचित्राचा मोह सोडून वाटाड्याबरोबर ताबडतोब वरच्या कड्याकडे निघावे. दम्याच्या रुग्णांनी विवरात उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच अरुंद वाटेने सत्तर किलो किंवा त्याहूनही अधिक गंधक खांद्यावर घेऊन खाणकामगार वर येत असतात. त्यांना डोंगराच्या बाजूला सरकून आधी वाट द्यावी.

थंडीचा अंदाज मुंबईकरांचा हमखास चुकतो. इजेन २७६९ मीटर उंच आहे आणि पहाटे तेथे पारा दहा अंशांखाली जाऊ शकतो. चढताना घाम येतो, मग वाट पाहताना तोच घाम गारठवतो. सॅकमध्ये एक कोरडा बनियन, कानटोपी आणि विंडचीटर असावा, आणि माथ्यावर पोहोचताच कपडे बदलावेत.

प्रवेशाचे तिकीट मिळाले म्हणजे डोंगर सुरक्षित, असे समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम सुमात्रातील मरापीचा अचानक उद्रेक झाला आणि २४ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या वेळी तेथे चारपैकी दुसऱ्या पातळीचा इशारा लागू होता आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत न जाण्याची ज्वालामुखी विभागाची सूचना होती, तरीही चढाई सुरूच होती. म्हणून निघण्याच्या दिवशी त्या ज्वालामुखीची इशारा-पातळी आणि प्रतिबंधित अंतर स्वतः पाहावे. सहल विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये.

परतीचे विमान चढाईच्याच दिवशी दुपारी ठेवणेही टाळावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीतीलच आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे तेथील विमानतळच बंद ठेवावा लागला होता. मधे एक दिवस मोकळा ठेवावा, आणि प्रवास विमा काढताना ट्रेकिंगची उंची आणि ज्वालामुखीच्या राखेमुळे होणारा विलंब या दोन्ही गोष्टी त्यात समाविष्ट आहेत का, हे अटी वाचून मुंबईतच तपासावे.