लारेसच्या वाटेला निघण्याआधी

पेरूतल्या लारेसचा ट्रेक ठरत असेल तर आधी कुस्कोतले दिवस ठरवा, बॅगेचं नंतर बघू. कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ वर. विमानातून उतरता तिथेच तुम्ही कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर असता. दर रविवारी सह्याद्रीत गड करणाऱ्यांचा दमसास चांगला असेलही, पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतोच, आणि तो वेळ सगळ्यांना द्यावा लागतो. लिमाहून आल्यावर कुस्कोत न थांबता सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा. तिथलं ओयांतायतांबो गाव साधारण २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा, मग कुस्को, मग ट्रेक. ट्रेकमधल्या वाकावासी गावाच्या पुढची खिंड ४,४०० मीटरच्या वर आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर गाईडला लगेच सांगायचं. ‘ग्रुप खोळंबेल’ म्हणून लपवायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

व्हिसाचं नीट बघा. भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, शेंगेन वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर सवलत आहे, पण तिला मुदतीची अट आहे, ती वकिलातीकडूनच तपासून घ्या. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसाही लागतो. विमा घेताना किती मीटरपर्यंत चालतो ती ओळ वाचा. स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा ४,००० मीटरच्या आतच थांबतात. जायचं मे ते सप्टेंबरमध्ये. माचू पिच्चूला जाणाऱ्या प्रसिद्ध इंका ट्रेलला दिवसाला ५०० जणांचाच परवाना मिळतो, त्यातच पोर्टरही मोजतात, आणि फेब्रुवारीत ती वाट बंद असते. लारेसला तसा परवाना लागत नाही. पण तिथल्या पावसाळ्यात चिखल आणि खिंडीत बर्फ, म्हणून तेव्हा नको.

कपडे, बूट, टॉर्च, रेनकोट: हे तुम्हाला माहीत आहे. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा स्लीपिंग बॅग कंपनी देते का आणि ती किती थंडीची आहे, ते आधी विचारा. उन्हासाठी टोपी आणि सनस्क्रीन, थंडी वाजत असली तरी.

आता सुट्टे पैसे. सुट्टे सोल, सोल म्हणजे पेरूचं चलन. बाकी सगळं विसरलात तर कुस्कोत विकत मिळतं, पण सुट्टे कुस्को सोडल्यावर कुठेही मिळत नाहीत. एटीएममधून शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा येतात. वरच्या गावात शंभराची मोड कोणाकडेच नसते. कुस्कोत निदान अर्धा दिवस याच कामासाठी ठेवा: बँकेच्या काउंटरवर जाऊन ‘सेन्सियो’ (सुट्टे) मागा, सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोठी नोट मोडा, पुन्हा दुसऱ्या दुकानात तेच करा. दहा-वीसच्या नोटा भरपूर, आणि एक, दोन, पाच सोलची नाणी मूठभर. पाचची नाणी बघून घ्या, खोटी फिरतात. भारतातून डॉलर न्यायचे असतील तर कोऱ्या नोटा न्या. जरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट तिथे नाकारतात. रुपये तिकडे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. कार्डावर परदेशातला वापर चालू करून घ्या, पण वर कार्डाचा काही उपयोग नाही.

एवढं का सांगतो? कारण या वाटेवर तुम्ही लोकांच्या अंगणातून चालता. वाकावासीत तळ पडला की बायका विणकाम घेऊन येतात आणि गवतावर मांडून बसतात. कमरेला बांधलेल्या मागावर विणलेला पट्टा असतो, अल्पाकाची शाल असते. लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढलेला असतो. एकेका शालीमागे कित्येक आठवडे असतात. चाळीस सोलच्या पट्ट्यासाठी तुम्ही शंभराची नोट पुढे केलीत तर ती बाई काय करणार? शेजारणींकडे बघते, त्यांच्याकडेही नसतात, आणि विक्री होतच नाही. घासाघीस करू नका. परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि बघून घ्या. तेही त्यांना चालतं.

आणि खेचरवाले. त्यांना आरिएरो म्हणतात. तुमचा तंबू, गॅस, बटाटे, तुमची बॅग (सात किलोच्या आत ठेवा, सहसा तीच मर्यादा असते), सगळं त्यांच्या खेचरांवर. ही माणसं त्याच खोऱ्यातल्या गावांतली. ती ओयांतायतांबोपर्यंत येतात असं धरून चालू नका. बऱ्याच वेळा पाताकांचाला, गाडीरस्ता लागतो तिथूनच ती परत फिरतात. म्हणजे टिप द्यायची ती तिथेच, तेव्हाच. मागच्या खेपेला माझ्या खिशात शंभराच्याच नोटा होत्या, आणि तिघांत एक नोट देऊन ‘वाटून घ्या’ म्हणावं लागलं. त्यांची गावं वेगवेगळी, मोडायला दुकान नाही. म्हणून आधीच पाकिटं करा: स्वयंपाक्याचं एक, त्याच्या मदतनिसाचं एक, प्रत्येक आरिएरोचं स्वतंत्र, आणि प्रत्येकात सुट्टे. गाईडकडे एकत्र रक्कम देऊन मोकळं होऊ नका. ज्याने पहाटे गारठ्यात तुमच्या तंबूपाशी गरम पाणी आणून ठेवलं, त्याच्या हातात स्वतः द्या. ‘सुल्पाय्की’ म्हणा, म्हणजे धन्यवाद. स्पॅनिश येत नसलं तरी त्यांच्या भाषेतलं, क्वेचुआतलं, एवढं येऊ दे.

लारेसच्या गरम कुंडांचं तिकीटही सोलमध्ये. वाटेतल्या शौचालयाला एक-दोन सोल. पुन्हा सांगतो, नाणी.

लारेसला जाताना काल्काच्या बाजारात गाडी थांबते, तिथे गोल पाव आणि फळं घ्या, वाटेतल्या घरांना देण्यासाठी. चार हजार मीटरवर बटाटा पिकतो, गहू आणि फळं नाहीत, म्हणून पावाचं अप्रूप असतं. म्हाताऱ्या माणसांना कोकाची पानं द्यायची पद्धत आहे, तीही बाजारात मिळतात. मुलांना चॉकलेट-गोळ्या मुळीच नको. दात किडले तर तिथे डॉक्टर कुठून आणणार? वह्या-पेन्सिली न्यायच्या तर शाळेत शिक्षकांकडे द्या, रस्त्यात वाटू नका. फोटोआधी विचारा. विल्योक आणि पाताकांचाचे लोक लाल पोंचोत सुंदर दिसतात हे खरं, पण त्यांचा तो रोजचा पोशाख आहे, तुमच्यासाठी घातलेला नाही.

शाकाहारींनो, बुकिंगच्या वेळी सांगा, कुस्कोत स्वयंपाक्याला पुन्हा सांगा. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं की नुसतं लाल मांस वगळून कोंबडी येऊ शकते. कोंबडी नको, मासे नकोत, सूप मांसाच्या पाण्यात नको, असं एकेक बोला. मग किन्वा, बटाटे, मका, चीज, अंडी यांवर उत्तम निभावतं. लसणीची कोरडी चटणी न्या.

पाताकांचानंतर वेळ असेल तर गाईडला पुमामार्का घ्यायला सांगा. बरेच जण गाडीत बसून सरळ खाली जातात आणि डोंगराच्या सोंडेवरचा तो इंकांचा कोट चुकवतात. तिथून ओयांतायतांबोला पायी उतरता येतं. १५३७ मध्ये इंका राजा मांको इंकाने स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या घोडदळाला ओयांतायतांबोतूनच मागे हटवलं, कालव्यांचं पाणी मैदानात सोडून. गावाच्या गल्ल्यांतून अजून इंकांच्या चरांतून पाणी वाहतं. वरचे सहा प्रचंड गुलाबी दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणलेले आहेत. ओयांतायतांबोच्या त्या अवशेषांत प्रवेशासाठी बोलेतो तुरिस्तिको (पर्यटकांचं एकत्रित तिकीट) लागतो. तो रोख रकमेत घ्यायची तयारी ठेवा.

माचू पिच्चूचं थोडक्यात. तिकीट कित्येक महिने आधी, ठरलेल्या वेळेचं आणि ठरलेल्या मार्गाचं. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच. मूळ पासपोर्ट जवळ हवा, फोटोकॉपी चालत नाही. बॅग ४० × ३५ × २० सेंटीमीटरच्या आत. काठीच्या टोकाला रबर. शौचालय दाराबाहेर, आत नाही, आणि तिथेही नाणी. रेल्वेत सामानावर मर्यादा आहे, मोठी बॅग कुस्कोच्या हॉटेलात ठेवा. परतीची गाडी आणि लिमाचं विमान एकाच दिवशी नको. उरलेली कोकाची पानं आणि कोकाच्या चहाच्या पुड्या तिथेच देऊन या: भारतात बेकायदा, अमेरिकेतही.