ई-बसचा ताफा उभा करताय? या चुका टाळा

बस कोणती घ्यायची यावर महिनोन्‌महिने खल होतो. वीज कुठून आणायची, हे मात्र बस दारात आल्यावर आठवतं. उच्चदाबाची जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर यायला बरेचदा बस बांधून होण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून विजेचा अर्ज आधी, बसची निविदा नंतर. हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही.

माहितीपत्रकातला पल्ला, म्हणजे एका चार्जमध्ये बस किती धावते तो आकडा, उचलून थेट वेळापत्रकात टाकणं, ही तर नेहमीचीच चूक. समजा बॅटरी 250 किलोवॉट-तासांची, म्हणजे 250 युनिटची आहे. 20 टक्के राखीव ठेवली की हातात उरतात 200. किलोमीटरला 1.2 युनिट धरले तर साधारण 165 किलोमीटर. आता हीच बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता 80 टक्क्यांवर आली, एसी चालू, बस खचाखच भरलेली आणि खप 1.5 वर गेला, तर राखीव सोडून जेमतेम 105 उरतात. ड्युटी आखायची ती या दुसऱ्या आकड्यावर. शिवाय आगारातून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर त्यात धरायचे. ते हमखास राहून जातात आणि मग दुपारच्या फेऱ्या रद्द होतात.

आता माझा खास राग. चार्जर मोजतात, पण बस उभी कशी राहणार हे कुणी बघत नाही. एका आगारात चार्जर डाव्या भिंतीला ओळीने बसवले होते आणि बसचं चार्जिंगचं तोंड उजवीकडे मागच्या बाजूला. केबल पोचेना. मग रात्रपाळीचे चालक अंधारात बस उलटी लावू लागले. कुणी केबल ताणून बंपरखालून फिरवली, केबलच्या टोकाची एक गन चाकाखाली येऊन चेपली. त्यात डिझेलच्या सवयीने बस एकामागे एक लावलेल्या. पूर्ण चार्ज झालेली मागे, अर्धी चार्ज झालेली तिच्या पुढ्यात. पहाटेची पहिली ड्युटी निघायची वेळ झाली तरी पुढची बस गनवरच, आणि आगार व्यवस्थापक फोनवर चार्जर कंपनीला झापतोय. चार्जरचा काडीचाही दोष नव्हता!

काँक्रीट ओतण्याआधी मी मैदानावर चुन्याने जागा आखून घेतो, त्याच मापाची बस मागवतो आणि रात्रपाळीच्याच चालकाला लावायला सांगतो. कागदावर सगळ्याच बस सहज वळतात.

दुसरं टोक म्हणजे ‘मोठेच चार्जर घ्या’ हा हट्ट. 60 बस, प्रत्येकी 120 किलोवॉट, सगळ्या एकदम लावल्या तर 7.2 मेगावॉट. पण प्रत्येक बसला रात्री 180 युनिटच हवे असतील, तर सहा तासांत सरासरी 1.8 मेगावॉट पुरतात. चार्जिंगमधली घट धरून दोनेक. भार पाळीपाळीने वाटणारं सॉफ्टवेअर घ्या. जिथे कमाल मागणीवर, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक भारावर बिल लागतं, तिथे एका संध्याकाळची घाई महिनाभर भोवते.

‘शेन्झेनला जमलं, मग आपल्याला का नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. चीनमधल्या या शहरात 2009 पासून प्रायोगिक बस धावत होत्या. 16 हजारांहून जास्त बसचा सगळा ताफा विजेवर आला तो 2017 अखेर. मधली आठ वर्षं सादरीकरणात कुणी दाखवत नाही.

बारीकसारीक आणखी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी हळूहळू भरकटते. उत्पादक सांगेल त्या अंतराने एकदा पूर्ण 100 टक्के चार्ज कराच. गनचं तोंड जमिनीवर टाकून ठेवू नका. बस धुताना चार्जिंगच्या तोंडावर जोराचा फवारा नको.

आणि चालकांना एका तासाचं ‘प्रशिक्षण’ देऊन सोडू नका. पाय अलगद उचलला की मोटरच ब्रेकचं काम करते आणि वीज परत बॅटरीत जाते, हे नुसतं सांगून समजत नाही. मी जुन्या, शांत चालकाला नव्याच्या शेजारी बसवतो आणि आठवडाभर दोघांचा किलोमीटरमागचा खप फलकावर लिहून ठेवतो.