अनुभवी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्टने रेझ्युमे कसा लिहावा

म्हापसा, फोंडा, डिचोलीकडच्या एमटींचे (मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे ऐकून रिपोर्ट टाइप करणारे) रेझ्युमे अधूनमधून माझ्याकडे तपासायला येतात. दहा-बारा वर्षे रात्रपाळीत हेडफोन लावून अमेरिकन डॉक्टरांची डिक्टेशन ऐकलेली बाई कागदावर काय लिहिते? 'टायपिंग वेग ६० शब्द, वर्ड येते, मेहनती.' एवढे तर झेरॉक्सच्या दुकानातला पोरगाही लिहील. डॉक्टर घाईघाईत 'डिस्फेजिया' म्हणाले की 'डिस्फेझिया', म्हणजे पेशंटला गिळायला त्रास आहे की बोलायला, हे पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ओळखायचे, आणि ओळखता आले नाही तर अंदाज न मारता ब्लँक सोडायचा, हे तुम्हाला येते. त्याचा कागदावर मागमूस नसतो.

आधी जुने आकडे गोळा करा

रेझ्युमेची फाइल नंतर उघडा. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रे, जुने मेल काढा आणि वहीत दर वर्षापुढे लिहा: रोजच्या सरासरी लाइन, क्यूएचे (रिपोर्टची गुणवत्ता तपासणाऱ्यांचे) गुण, कोणत्या स्पेशालिटीचे अकाउंट (म्हणजे ज्या क्लायंटचे काम ते), टॅट (रिपोर्ट परत द्यायची मुदत) किती तासांचा. नोकरी अजून चालू असेल तर हे आजच करा. लॉगिन बंद झाले की हाती काही राहत नाही. मात्र उतरवायचे ते फक्त आकडे, रिपोर्ट नाहीत.

आकड्याबरोबर त्याचे माप द्या

'रोज १२०० लाइन' हे अर्धेच वाक्य झाले. या धंद्यात लाइन साधारणपणे स्पेस धरून ६५ कॅरॅक्टरची मोजतात, म्हणजे १२०० लाइन म्हणजे ७८,००० कॅरॅक्टर. पण काही ठिकाणी पानावरची अर्धीमुर्धी ओळही पूर्ण लाइन धरतात, आणि मग तोच आकडा फुगतो. वाचणारा जुना एमटी असेल तर त्याची शंका पहिली इथेच जाते. म्हणून 'रोज सरासरी १२०० लाइन, ६५ कॅरॅक्टरच्या' असे लिहा. सरळ टायपिंग आणि स्पीच रेकग्निशनच्या (मशीनने आवाज ऐकून लिहिलेल्या) ड्राफ्टचे एडिटिंग यांचे आकडे वेगळे द्या, कारण एडिटिंगमध्ये लाइन जास्त पडतात. अचूकतेचेही तसेच: '९९ टक्के' हे तुमचे मत की क्यूएने काढलेला आकडा? क्यूएचा असेल तर तसे नमूद करा. नसेल तर टक्का देऊच नका.

अनुभव अकाउंटप्रमाणे मांडा

'२०१२ ते २०१९, सीनियर एमटी' एवढ्यावर थांबू नका. ही ओळ पाहा (रेझ्युमे इंग्रजीतच असेल, मी आशय मराठीत देते आहे): 'ऑर्थोपेडिक्स आणि कार्डिऑलॉजी, ऑपरेटिव्ह रिपोर्ट, कन्सल्ट, डिस्चार्ज समरी, निम्मे डॉक्टर इंग्रजी मातृभाषा नसलेले, पहिली दोन वर्षे क्यूएमार्फत, नंतर थेट क्लायंटला.' शेवटचे तीन शब्द सोन्याचे आहेत. तुमची फाइल कोणी न तपासता पुढे जात होती, याहून मोठे प्रशस्तिपत्र या कामात नाही, आणि नेमके तेच बहुतेक जणी लिहायला विसरतात. नव्या मुलींना शिकवले असेल, अकाउंटच्या सूचनांची फाइल तयार केली असेल, तर तेही इथेच.

एएचडीआय या वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रातल्या अमेरिकन संस्थेची आरएचडीएस किंवा सीएचडीएस ही प्रमाणपत्र परीक्षा दिली असेल तर ती नावाशेजारी, वरच. सॉफ्टवेअरची यादी एका ओळीत उरका. फूट पेडल (पायाने ऑडिओ थांबवायचे, मागे घ्यायचे) वापरता येते हे सांगायची गरज नाही.

गोपनीयता रेझ्युमेतही पाळा

नमुना म्हणून खरा रिपोर्ट जोडू नका, नाव खोडूनसुद्धा. तारीख, गाव, दुर्मीळ आजार यांवरून माणूस ओळखता येतो. १९९६ च्या हिपा या अमेरिकेतल्या, पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या कायद्याखाली काम केलेल्या माणसाने असा कागद पुढे केला तर मुलाखत तिथेच संपते. नमुना मागितलाच तर काल्पनिक पेशंटचा रिपोर्ट स्वतः रचा. त्यात '.५' न लिहिता '०.५', आणि '५.०' न लिहिता '५' लिहा. टिंब नजरेतून सुटले की औषधाचा डोस दसपट होतो. जाणकार हे बघतातच. करारात क्लायंटचे नाव सांगायला बंदी असेल तर 'मोठ्या हॉस्पिटलचे अकाउंट' पुरे.

खंड पडला असेल तर

बऱ्याच जणींचा पडला आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला सरकारी पैसा मिळाला, डॉक्टर टेम्प्लेटवर टिचक्या मारू लागले. शिवाय स्पीच रेकग्निशन सुधारत गेले. '२०२०: अकाउंट बंद झाल्याने काम थांबले' एवढी एक ओळ द्या आणि मधल्या काळात काही शिकला असाल तर ते लिहा. आता मशीनने लिहिलेल्या नोट्स तपासणारी माणसे लागतात. तिकडे जायचे असेल तर एडिटिंग आणि क्यूएचा अनुभव पहिल्या पानावर आणा. मेडिकल कोडिंग मात्र शिकल्याशिवाय लिहू नका; रिपोर्ट कळणे वेगळे, आयसीडी-१० चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड लावणे वेगळे.

बायोडेटाची सवय सोडा

आपल्याकडे सरकारी अर्जांमुळे हात तसाच वळतो: वडिलांचे नाव, नवऱ्याचे नाव, जात, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणी येते. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जागा निघाली तर हे सगळे जरूर लागेल. खासगी कंपनीला गाव, फोन आणि मेल पुरे. घरून काम मागत असाल तर इंटरनेट आणि इन्व्हर्टरची सोय सांगा. पावसाळ्यात पेडण्या-सत्तरीत वीज कशी जाते हे समोरच्यालाही ठाऊक असते.

दोन पाने झाली की थांबा. मग कॉम्प्युटरला रेझ्युमे मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही हेडफोन घालून, डोळे मिटून ऐका. डोळ्यांना न दिसलेली चूक तुमच्या कानाला सापडते. जिथे पाय आपोआप पेडलकडे जाऊन फाइल मागे घ्यावीशी वाटेल, ती ओळ पुन्हा लिहा.