टॅबलेटची स्क्रीन आणि पॉवर डिव्हाइस ट्रीमध्ये कशी लिहायची

जुन्या टॅबलेटवर स्वतःचं लिनक्स चढवायचं म्हटलं की सगळे आधी स्क्रीनच्या मागे लागतात, मीही लागलो होतो, पण सुरुवात पॉवरपासून करा. अशा एआरएम बोर्डवर कुठं काय जोडलंय हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आपोआप कळत नाही, पॅनल कुठलं, त्याला वीज कोण देतं, बॅटरी केवढी, सगळं आपणच डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनाच्या फाइलीत लिहून द्यायचं.

कोरी फाइल उघडून बसू नका. कंपनीची सिस्टिम चालू असताना रूट (पूर्ण हक्क) मिळालं तर सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरखाली बहुतेक वेळा एफडीटी नावाची फाइल सापडते, म्हणजे कंपनीचीच तयार डिव्हाइस ट्री, ती डीटीसी या कंपायलरने उलटी फिरवली की वाचण्यासारखा डीटीएस, म्हणजे तिचा मजकूर, मिळतो. त्यातली नावं नव्या कर्नलला चालतीलच असं नाही, पण जीपीआयओ (चिपच्या चालू-बंद करता येणाऱ्या पिना) नंबर, व्होल्टेज, टायमिंग तिथूनच उचलायचे.

मग कागदावर साखळी काढा. पीएमआयसीची (वीज वाटणाऱ्या चिपची) कुठली रेल (वीजवाहिनी) पॅनलला, कुठली टचला, बॅकलाइटला कोण. प्रत्येक रेग्युलेटरला (रेलचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाला) किमान आणि कमाल मर्यादा मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे 3.3 व्होल्ट असेल तर 3300000. इथं घाई नको, 1.8 च्या रेलला दोन्हीकडे 3300000 लिहिलंत आणि पीएमआयसीला तेवढं जमत असेल तर कर्नल गुपचूप तेवढं व्होल्टेज चढवतो, पुढची चिप गेली मग. नुसत्या जीपीआयओने चालू-बंद होणारी रेल असेल तर रेग्युलेटर-फिक्स्ड वापरा आणि पिन हाय केल्यावर ती चालू होत असेल तर एनेबल-ॲक्टिव्ह-हाय लिहायला विसरू नका, जीपीआयओच्या ओळीतला फ्लॅग इथं धरलाच जात नाही, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

पॅनल कर्नलच्या पॅनल-सिंपल ड्रायव्हरच्या यादीत असेल तर कंपॅटिबल (यादीतलं पॅनलचं नाव), पॉवर-सप्लाय आणि बॅकलाइट एवढं लिहून भागतं. यादीत नसेल तर टायमिंग द्या. 1280 बाय 800 चं पॅनल, ब्लँकिंग (ओळी आणि फ्रेममधला न दिसणारा वेळ) धरून 1440 बाय 823, गुणिले सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पिक्सेल क्लॉक साधारण 71 मेगाहर्ट्झ. तुमचा आकडा याच्या दुप्पट येत असेल तर कुठंतरी गडबड आहे. पोर्ट-एंडपॉइंट, म्हणजे पॅनल आणि डिस्प्लेच्या चिपमधला दुवा सांगणाऱ्या नोंदी, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवणारे हवेत. डीएसआय (मोबाइल-टॅबलेटमधली डिस्प्ले जोडणी) पॅनलला सुरुवातीच्या कमांड लागत असतील तर नुसत्या डिव्हाइस ट्रीने होणार नाही, ड्रायव्हर लिहावा लागतो.

बॅकलाइटला पीडब्ल्यूएमचा (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमीजास्त करणाऱ्या सिग्नलचा) पिरियड नॅनोसेकंदात, 50000 दिला की 20 किलोहर्ट्झ, म्हणजे सहसा कुईं आवाज ऐकू येत नाही. आणि डीफॉल्ट ब्राइटनेस हा यादीतला क्रमांक असतो, ब्राइटनेस नाही. 0, 8, 16, 64, 128, 255 अशी यादी असेल तर फुल उजेडासाठी 5 लिहायचं, 255 नाही.

आता माझा घोळ. स्क्रीन मस्त लागायची, लॉगिन यायचं, आणि अर्ध्या मिनिटात काळी. आधी वाटलं पॅनलच गेलं. बॅकलाइटला पॉवर-सप्लाय लिहायचं राहिलं होतं, रेल बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) चालू ठेवलेली, कर्नलने डमी (खोटा) रेग्युलेटर धरून काम चालवलं, आणि 30 सेकंदांनी 'ही रेल कुणी वापरत नाही' म्हणून बंद करून टाकली. लॉगमध्ये डमी रेग्युलेटरची ओळ होती, मी वाचलीच नव्हती. अशा वेळी लोक सरसकट ऑलवेज-ऑन लावून मोकळे होतात, स्क्रीन राहते पण झोपेतही बॅटरी खात बसते, त्यापेक्षा एक ओळ सप्लायची लिहा.

बॅटरीसाठी सिंपल-बॅटरीचा नोड (ट्रीमधली नोंद), 5000 एमएएच म्हणजे 5000000 मायक्रोअँपिअर-तास, आणि चार्जर किंवा गेजच्या (बॅटरी मोजणाऱ्या चिपच्या) नोडमधून मॉनिटर्ड-बॅटरीने तो जोडा.

काहीच लागलं नाही तर डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमधली) डिव्हायसेस-डिफर्ड फाइल आधी उघडा, कोण कुणाची वाट बघत अडलंय ते बऱ्याचदा तिथंच दिसतं, आणि मग तिथल्याच रेग्युलेटर-समरी फाइलीत तुमची कागदावरची साखळी जशीच्या तशी येते का ते ताडून बघा.