सेट किती, रेप्स किती? नवीन जिम लावलेल्यांनी या चुका टाळा

"भाऊ, किती सेट राहिले?" संध्याकाळी सातला कुठल्याही जिममध्ये जा, लॅट पुलडाऊनपाशी (वरचा बार छातीकडे ओढायचं मशीन) हा प्रश्न कानावर पडणारच. समोरचा पण बिनधास्त "दोन" म्हणून ठोकून देतो, कारण त्याला स्वतःलाच आठवत नसतं. मी पण त्यातलाच. (रेप म्हणजे वजन एकदा उचलून परत खाली आणणं, आणि न थांबता सलग मारलेले रेप्स म्हणजे एक सेट.) पहिलं अख्खं वर्ष 3 सेट 12 रेप्स, 3 सेट 12 रेप्स करत बसलो, जानेवारीत 10 किलोचं डंबेल धरलं ते दिवाळीपर्यंत सोडलंच नाही, आणि वर रडगाणं काय तर आमचं अंगच तसलं, बॉडी बनतच नाही.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. 12 सांगितले म्हणून 12 ला थांबायचं. अरे पण त्या वजनाने तुझे 20 आरामात निघाले असते तर तो सेट झालाच नाही, वॉर्मअप झाला! सेट संपला की वजन ठेवता ठेवता स्वतःला एकच विचारायचं, अजून किती निघाले असते? एक ते तीन निघाले असते तर वजन बरोबर. सहा-सात निघाले असते तर हलकं. ओळखायची खूण पण सोपी आहे, जोर पूर्ण लावूनसुद्धा शेवटचे दोन रेप्स आपोआप स्लो व्हायला लागतात. नवीन माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो, म्हणून महिनाभराने एकदा लेग एक्स्टेन्शनसारख्या मशीनवर एक सेट अगदी हलेना होईपर्यंत करून बघा, तुम्हाला वाटलेले 12 कुठे आणि निघालेले कुठे ते कळेल. (बेंच प्रेस आणि स्क्वॉटवर एकट्याने हा प्रयोग करायचा नाही, बार छातीवर बसला की कोणाला हाक मारायला पण श्वास उरत नाही.) आणि पहिले दोन-तीन आठवडे मात्र तीन-चार रेप्स हातचे राखूनच ठेवा, तेव्हा फॉर्म, म्हणजे हालचाल नीट करायची पद्धत, शिकायचा असतो.

आता हे तीन सेट आणि दहा-बारा रेप्स आलं कुठून, त्याची गंमत सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे गुडघे वजन लावून सुधरवत होते. आधी ते 7 ते 10 सेट घ्यायचे, मग ते जास्त होतायत हे लक्षात आल्यावर 1948 मध्ये सहकारी डॉक्टर वॉटकिन्स यांच्याबरोबर तीनच सेट ठेवले. पण ते तीन सारखे नव्हते. ज्या वजनाने जेमतेम 10 निघतात त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, आणि पूर्ण वजनाने फक्त तिसरा. म्हणजे खरी मेहनत एकाच सेटमध्ये! आपल्याकडे ट्रेनर 15-12-10-8 असा पिरॅमिड (दर सेटला वजन जास्त, रेप्स कमी) देतात तो पण बराचसा याच जातीचा, पहिले दोन सेट अंग गरम करायचे. ते वाईट नाही, फक्त चारही सेट मोजून "मी चार सेट मारले" म्हणायचं नाही.

8 ते 12 मध्येच मसल बनतो असंही काही नाही. 5 पासून 30 रेप्सपर्यंत कशानेही बनतो, सेट शेवटपर्यंत जड गेला पाहिजे एवढंच. पण 30 स्क्वॉट मारताना पायाआधी दम संपतो आणि 5 च्या वजनाला फॉर्म पक्का लागतो, म्हणून नवख्याला 8-12 सोयीचं.

दुसरी चूक म्हणजे सोमवार. सोमवारी अख्ख्या जिमची चेस्ट असते. फ्लॅट, इन्क्लाइन, डिक्लाइन, फ्लाय, वर पेक डेक, प्रत्येकी चार म्हणजे झाले 20 सेट, मंगळवारी शर्ट घालताना हात वर जात नाही, आणि मग चेस्ट थेट पुढच्या सोमवारी. तेरावा-चौदावा सेट आला की नुसतं वजन इकडून तिकडे जातं, त्यातून मिळत काही नाही. त्यापेक्षा सोम-बुध-शुक्र फुल बॉडी करा. गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक), डंबेल बेंच, लॅट पुलडाऊन, रोमेनियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन खाली-वर), शोल्डर प्रेस, प्रत्येकी 2 ते 3 सेट, बायसेप्स हवाच असेल तर शेवटी दोन. चेस्टला आठवड्यात 6 ते 9 सेट झाले, सुरुवातीला भरपूर आहेत, आणि बेंचचा सराव एकदाऐवजी तीनदा झाला. अंग दुखलं म्हणजेच वर्कआउट लागला हे डोक्यातून काढा. दुखणं नवीन हालचालीचं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, मग जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं.

रेस्ट. पहिल्या सेटला 12, मग 7, मग 5 असं घसरत असेल तर ताकद कमी नाहीये, घाई जास्त आहे. 30 सेकंदात परत बार धरला की असंच होणार. मोठ्या व्यायामाला दोन-तीन मिनिटं घ्या, कर्ल-बिर्लला एक-दीड पुरे. मागे लाइन लागली असेल तर आळीपाळीने करा, रेस्ट आपोआप होते. रील बघत सात मिनिटं बसणं यात धरत नाही.

आणि तो स्पॉटर दादा, म्हणजे बार अडकला तर मदतीला मागे उभा राहणारा! "तुझंच आहे, तुझंच आहे" म्हणत बार अर्धा स्वतःच ओढणारा. 10 मधले 4 त्याने उचलले तर वहीत 6 लिहा.

हो, वही. किंवा मोबाइलमध्ये नोट, पण लिहायचंच, कारण वजन कधी वाढवायचं ते त्यावरून ठरतं. समजा पुलडाऊन 30 किलोला 10, 9, 8 आले. पुढच्या वेळी कुठल्याही सेटमध्ये एक रेप वाढवायचा, बस. असं करत तिन्ही सेट 12 झाले की 35 किलो, रेप्स परत 8 वर येतील, ते बरोबरच आहे. घोळ डंबेलला होतो. साडेसातनंतर थेट 10, म्हणजे एका उडीत तेहतीस टक्के वाढ, शोल्डर प्रेसला ते झेपत नाही. तिथे साडेसातनेच 15-15 पर्यंत जा, किंवा पहिला सेट 10 ने जितके निघतील तितके आणि बाकीचे दोन साडेसातने. बारबेलला सव्वा किलोच्या प्लेट शोधा, बहुतेक कुठल्यातरी बेंचखाली पडलेल्या असतात.

तीन-चार वेळा आकडा हललाच नाही तर लगेच प्रोग्रॅम बदलू नका. आधी झोप आणि जेवण बघा, नुसता पोहे-चहा-पोळीभाजीवर दिवस काढत असाल तर प्रोटीन कुठून येणार, डाळ-उसळ-अंडी-पनीर वाढवा. तरीही अडलं तर वजन दहा टक्के उतरवून परत चढत या. गणपतीत दहा-बारा दिवस सुट्टी झाली असेल तरी तेच, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकी एक सेट कमी. जुन्या वजनाने पायाचे पूर्ण सेट मारून मी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, उलटा, एकेक पायरी उतरलोय.