नावांना भुललेलं पहिलं वर्ष

इंटरनॅशनल स्टडीजच्या पहिल्या सेमिस्टरला मी पाच कोर्स घेतले. त्यातल्या तिघांच्या नावात 'ग्लोबल' होतं. महिन्याभरात लक्षात आलं की तिन्ही वर्गांत एकच गाडी चाललीय: १६४८चा वेस्टफालियाचा तह (युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध मिटवणारा), पहिलं महायुद्ध, १९४५, शीतयुद्ध. एका वर्गासाठी काढलेलं टिपण मी तिन्हीकडे फिरवून वापरलं. मार्क चांगले पडले, पण शिकणं झालं एका कोर्सपुरतंच.

या पदवीची गोम अशी की इथे कुणी अडवत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित चुकवता येत नाही; आपल्याला मनात आणलं तर अवघड असलेलं सगळंच चुकवता येतं. अर्थशास्त्राचा एक, इतिहासाचे दोन, एखादा संस्कृतीवरचा, असं करत क्रेडिट पुरे होतात. मग शेवटच्या वर्षी कुणीतरी विचारतं, "तुला नक्की काय येतं?" आणि आपण विषयांची नावं सांगत बसतो.

म्हणून नव्यांना माझं एकच सांगणं असतं. एक भाषा, तीच भाषा बोलणारा एक प्रदेश, आणि एक हत्यार (संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कायदा, यांपैकी कोणतंही) एवढं आधी ठरवा. उरलेल्या जागा हव्या तशा भरा. भाषा अरबी आणि बाकी सगळे कोर्स लॅटिन अमेरिकेवरचे, असं करणारे मी पाहिलेत. दोन्ही अर्धवट राहतात.

भाषेबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त टाळाटाळ तिथेच होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश येण्यासाठी वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास धरते. अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियनसाठी साधारण २,२००. आता आपला हिशोब: आठवड्याला चार तास, चौदा आठवड्यांचं सेमिस्टर, म्हणजे ५६ तास. सहाही सेमिस्टर न चुकता केलीत तरी ३३६. स्पॅनिशचीसुद्धा जेमतेम निम्मी मजल. "भाषा दुसऱ्या वर्षापासून घेऊ" म्हणणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडावं.

आणि भाषा कशाला हवी, तर याला. २२ नोव्हेंबर १९६७ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. त्याच वर्षीच्या जूनमधल्या युद्धात इस्रायलने घेतलेल्या प्रदेशांतून माघारीचं कलम त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'फ्रॉम टेरिटरीज' एवढंच आहे, मध्ये 'द' (the) नाही. फ्रेंचमध्ये 'दे तेरितुआर' आहे आणि तो 'दे' बहुतेक जण 'त्या प्रदेशांतून' असाच वाचतात. माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतून, हा वाद त्या एका 'द'भोवती आजही चालतो. मला हे पहिल्यांदा कळलंच नव्हतं. मराठीत 'द' नाहीच, त्यामुळे त्याच्या नसण्यावर भांडता येतं हेच डोक्यात शिरेना. फ्रेंचच्या दुसऱ्या स्तरावर शिक्षिकेने दोन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या तेव्हा उजेड पडला.

हत्याराच्या बाबतीत मी माती खाल्ली. संख्याशास्त्र म्हटलं की माझ्या पोटात गोळा, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' करत राहिले. प्रबंधासाठी एका प्रदेशातले सशस्त्र संघर्ष मोजायला घेतले. एका तक्त्यात एका वर्षी तिथे संघर्ष होता, दुसऱ्यात त्याच वर्षी काहीच नाही. उतरवताना चूक झाली समजून मी पंधरा दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चूक नव्हतीच. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठाची नोंद वर्षाला लढाईतले २५ मृत्यू झाले की संघर्ष धरते. 'कोरिलेट्स ऑफ वॉर' या प्रकल्पाची युद्धांची यादी १,०००चा उंबरठा लावते. संशोधन पद्धतींच्या कोर्समध्ये हे सुरुवातीलाच शिकवतात, असं नंतर एका वर्गमैत्रिणीने सांगितलं. तोपर्यंत माझ्याकडे तो घ्यायला सेमिस्टरच उरलं नव्हतं, कारण तो दोन सेमिस्टरांतून एकदाच चालायचा.

त्यामुळे निवड मागून पुढे करा. शेवटच्या वर्षाचे कोर्स आधी उघडा, त्यांच्या पूर्वअटी बघा, आणि तिथून खाली या. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कोर्सला बहुतेक ठिकाणी सूक्ष्म अर्थशास्त्राची ओळख आधी लागते. ती पहिल्या वर्षी टाळली की हा दरवाजा तिसऱ्या वर्षी बंद.

नावावर जाऊ नका, हे वर आलंच. सिलॅबसमध्ये मी तीन गोष्टी बघते. वाचायच्या यादीत मूळ दस्तऐवज आहेत का, की फक्त त्यांच्याबद्दलची पुस्तकं? त्या प्रदेशातल्या लोकांचं लेखन किती? आणि मार्क कशाला आहेत? शेवटची एकच परीक्षा असेल तर मी सहसा पुढे सरकते. दर पंधरा दिवसांनी काहीतरी लिहून द्यायचं असेल आणि प्राध्यापक ते शेरे मारून परत देत असतील, तर रटाळ नावाचा कोर्ससुद्धा घ्यावा. शेऱ्यांचं सिनिअर्सना विचारा, ते सिलॅबसमध्ये लिहिलेलं नसतं.

माझा सगळ्यात चांगला कोर्स असाच, नाईलाजाने मिळालेला. हव्या त्या कोर्सच्या जागा भरल्या, म्हणून समुद्री कायदा घेतला. दुसऱ्याच तासाला प्राध्यापकांनी नकाशा आणि कंपास हातात दिला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २००पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळीवर आणि साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क), काढा. समोरासमोरचे दोन किनारे ३०० मैलांवर होते. माझी दोन्ही वर्तुळं मध्ये एकमेकांत घुसली. "आता?" एवढंच विचारून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाजूचीने मधोमध रेघ ओढली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आणि मध्ये बेट असलं तर?" तो तास तिथेच संपला आणि आम्ही जेवायच्या सुट्टीतही त्या बेटावरच भांडत होतो.

कोर्स बदलायची मुदत असते तेवढ्यात दोन-तीन जास्तीच्या वर्गांना बसून या. लाजू नका, पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावर निम्मे लोक असेच आलेले असतात.

परदेशी विद्यापीठात एक्स्चेंजला जाणार असाल तर क्रेडिटचं आधी पक्कं करा. युरोपात वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. दुसरीकडचा क्रेडिट वेगळ्या मापाचा असू शकतो. माझा तिकडे केलेला एक कोर्स परतल्यावर मोजलाच गेला नाही, कारण 'चालेल' असं मला तोंडी सांगितलेलं होतं आणि सांगणारी व्यक्ती दरम्यान बदलून गेली होती. निघण्यापूर्वी दोन ओळींचा ईमेल मागून घेतला असता तर भागलं असतं.